बिऱ्हाड हलवण्याआधी : लिनक्स डिस्ट्रोची निवड आणि फॉरमॅट मारण्याची सवय

मंडळी, सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. डिस्ट्रो म्हणजे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यासोबत निवडून बांधलेलं सॉफ्टवेअर, असा तयार संच; डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च ही अशा संचांची नावं. स्क्रीनवर तुम्हाला जे दिसतं, म्हणजे खालची पट्टी, मेनू, खिडक्यांची बटणं, ते डिस्ट्रो नाही. तो डेस्कटॉप. नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई ही डेस्कटॉपची नावं, आणि यातला बहुतेक प्रत्येक जण बहुतेक सगळ्या मोठ्या डिस्ट्रोंवर चालतो. डेबियनवर नोम आहे आणि प्लाझ्मा बघावासा वाटतोय? ‘केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप’ नावाचं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा, टाका. मध्येच ‘लॉगिनसाठी जीडीएम ठेवू की एसडीडीएम’ असं विचारलं तर आधीचंच ठेवा. लॉगआउट व्हा, लॉगिनच्या पडद्यावरच्या दातेरी चाकावर क्लिक करून प्लाझ्मा निवडा. चहा होईपर्यंतचं काम. त्यासाठी अख्खी डिस्क पुसणं म्हणजे पडदे आवडले नाहीत म्हणून बिऱ्हाड हलवणं.

दुसरी गोष्ट हार्डवेअरची. ‘या डिस्ट्रोत माझं वायफाय चालतं, त्या डिस्ट्रोत चालत नाही’ हे वाक्य दर आठवड्याला कानावर येतं. ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरचा एकेक भाग चालवणारे प्रोग्रॅम, असतात कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, आणि कर्नेल सगळ्यांचा एकच; फरक असतो तो आवृत्तीचा, आणि सोबत दिलेल्या फर्मवेअर फाइलींचा, म्हणजे कार्डाच्या आत चढवायच्या सॉफ्टवेअरचा. नवा लॅपटॉप आणि दोन वर्षं जुना कर्नेल अशी जोडी जमली की वायफाय, टचपॅड नाहीतर आवाज, काहीतरी रुसणारच.

मग डिस्ट्रो निवडताना निवडायचं काय? वेळापत्रक. हे सॉफ्टवेअर कोण बांधतं, किती दिवसांनी बदलतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळतात, एवढाच खरा फरक. बाकी सगळं आतून बदलता येतं, हे बदलता येत नाही.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. डेबियन १३ ऑगस्ट २०२५मध्ये आली. तीन वर्षं पूर्ण दुरुस्त्या आणि पुढे दोन वर्षं दीर्घ आधार, अशी पाच वर्षं मिळतात. दरम्यान आवृत्त्यांचे आकडे जवळपास गोठलेले राहतात. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची आवृत्ती, दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं टिकते. मधल्या आवृत्त्यांना मात्र जेमतेम नऊ महिने. म्हणून उबुंटू घेताना ‘नवी कुठली’ असं विचारू नका, ‘एलटीएस कुठली’ असं विचारा. मिंट या एलटीएसवरच उभी असते. मिंट २२ ही उबुंटू २४.०४वर बांधलेली आहे आणि २०२९पर्यंत चालते. फेडोरा दर सहा महिन्यांनी येते, प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने जगते, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करायचंच. आर्च आणि ओपनसुसे टंबलवीड यांना आवृत्तीच नाही. तिथं रोज थोडंथोडं बदलत राहतं.

इथं स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: अपडेटसाठी मी किती वेळा आणि किती वेळ बसणार? आर्चमध्ये साधारण आठवड्याला एकदा बसायचं, आधी त्यांच्या मुख्य पानावरच्या सूचना वाचायच्या, मग संपूर्ण अपडेट करायचं. ‘फक्त हे एक पॅकेज नवं घेतो, बाकीचं नंतर’ हे तिथं चालत नाही. पॅकेजची यादी ताजी केली आणि एकच प्रोग्रॅम घेतला, तर तो नवी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) मागतो आणि सिस्टिमवर जुनी असते. नाहीतर लायब्ररी नवी येते आणि बाकीचे दहा प्रोग्रॅम उघडेनासे होतात. चार-सहा महिने मशीन बंद ठेवलं तर पॅकेज तपासायच्या किल्ल्या कालबाह्य होतात, आणि सहीच्या चुकांची रांग लागते. तेव्हा आधी ‘आर्चलिनक्स-कीरिंग’ हे त्या किल्ल्यांचं पॅकेज आणि लगेच पाठोपाठ बाकीचं सगळं, असा क्रम. हे अवघड नाही, पण नियमित आहे. ज्याला महिनाभर मशीनकडे बघायला वेळ नसतो त्याने आर्च घेतली तर दोष आर्चचा नाही. उलट, ज्याला दर महिन्याला नवा कंपायलर हवा त्याने डेबियन स्थिर घेऊन ‘जुनाट आहे’ म्हणून कुरकुरण्यातही अर्थ नाही.

क्रमवारीबद्दल एक वाक्य. डिस्ट्रोवॉचवर जी यादी दिसते, ती त्या डिस्ट्रोच्या पानाला रोज किती भेटी होतात याची आहे. किती लोक वापरतात, याच्याशी तिचा संबंध नाही. यादीत पहिली आली म्हणून इन्स्टॉल करणं म्हणजे दुकानाबाहेरची गर्दी बघून बूट घेणं. पायाचं माप कुणी घेतलेलंच नसतं.

आता सवयीकडे येऊ. फॉरमॅट मारायची हुक्की येते कधी? कंटाळा आल्यावर, आणि काहीतरी बिघडल्यावर. बिघाडाचं आधी बघू, कारण तिथं गल्लत मोठी होते. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार.

एक प्रसंग जवळून पाहा. उबुंटूवर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकला. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय, चालू आहे. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं, तो घाईत दिला. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर ‘कुठलीही कळ दाबा’ आलं आणि खाली दहापासून उलटी गिनती सुरू झाली. तेवढ्यात वापरणारा पाणी प्यायला गेला होता. गिनती संपली, मशीन नेहमीसारखं चालू झालं, पण ड्रायव्हर लोड झालाच नाही. दुसऱ्या मॉनिटरवर काही येईना, स्क्रीनचं रिझोल्यूशन विचित्र. निष्कर्ष: ‘उबुंटूत एनव्हिडिया चालत नाही’, आणि रात्री फेडोराची फाइल डाउनलोडला. खरं काय झालं? कर्नेल फक्त ओळखीच्या सहीचं मॉड्यूल, म्हणजे बाहेरून जोडलेला ड्रायव्हर, आत घेतो, आणि ती सही नोंदवायची जागा म्हणजे तो निळा पडदा. उपाय पाच मिनिटांचा: ‘मोकयुटिल’ या आज्ञेने त्या सहीची किल्ली पुन्हा नोंदणीला लावायची, रीस्टार्ट करायचं, या वेळी मशीनसमोर बसून ‘एनरोल मोक’ निवडायचं आणि ‘मोकयुटिल’ला दिलेला पासवर्ड टाकायचा. फेडोरावर सिक्युअर बूट चालू ठेवून बाहेरचा ड्रायव्हर टाकाल तर तिथंही सहीचं हे त्रांगडं तसंच समोर येतं.

वायफायचंही तसंच. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. कार्डाच्या नावाखाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का बघा. ओळ नसेल तर या कर्नेलला कार्ड ओळखता येत नाही. डेबियनवर बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजच्या साठ्यातून, नवा कर्नेल घ्या, उबुंटू एलटीएसवर एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी दिलेला कर्नेल. ओळ आहे पण वायफाय नाही, तर ‘सुडो डीमेसेज’ चालवून त्यात फर्मवेअर हा शब्द शोधा. कुठली फाइल सापडली नाही तिचं नाव तिथं चक्क लिहिलेलं असतं. ही तक्रार डेबियनबाबत पूर्वी खरी होती, कारण मुक्त परवाना नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसे. २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने ते बदललं आणि डेबियन १२पासून ते आतच येतं. जुनी बदनामी मात्र अजून फिरते आहे.

आपल्याकडची नेहमीची तक्रार मराठीची. देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर फाँट नाही, एवढाच अर्थ. आर्चवर ‘नोटो-फाँट्स’, डेबियनवर ‘फाँट्स-नोटो-कोअर’ टाकलं की झालं. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात हे दुसरं दुखणं. फाँटमध्ये मराठी वळण असलं, तरी मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमला कळावं लागतं. लिबरऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडा. ते हिंदीवर राहिलं, तर सात डिस्ट्रो बदलल्या तरी ‘ल’ बदलणार नाही.

बिघाड झाला की आधी हे ठरवा: गोष्ट कर्नेलची, डेस्कटॉपची, एखाद्या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीची, की पॅकेज व्यवस्थेची? ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’ या वेळच्या बूटमधल्या चुका दाखवतं. ‘-बी’पुढे उणे एक लावलं की आधीच्या बूटच्या. प्रोग्रॅम जुना असेल तर फ्लॅटपॅकवरून, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या लायब्ररींसकट देणाऱ्या व्यवस्थेतून, तेवढाच नवा घ्या. डिस्कवर जागा जास्त खातो, खरं आहे, पण खालची सिस्टिम जागची हलत नाही. डेबियनमध्ये उबुंटूचे पीपीए, म्हणजे उबुंटूसाठी बांधलेल्या जादा पॅकेजचे साठे, घालणं मात्र टाळा. ते वेगळ्या लायब्ररींवर बांधलेले असतात, आज चालले तरी पुढच्या अपग्रेडला गाठ बसते. डेबियनवाल्यांनी अशा सिस्टिमला ‘फ्रँकनडेबियन’ असं नाव दिलंय, आणि ते योग्य आहे. आर्चवर बेतलेल्या मांजारोवर एयूआर, म्हणजे वापरणाऱ्यांनीच लिहिलेल्या पॅकेज-कृतींचा आर्चचा साठा, भरमसाट वापरण्यातही हीच मेख आहे: मांजारो आपली पॅकेजं काही काळ रोखून धरते, एयूआरमधल्या कृती आजच्या आर्चसाठी लिहिलेल्या असतात.

मागे परतण्याची वाट असली की माणूस फॉरमॅटकडे धावत नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमच्या प्रती ठेवणारं साधन, आधीच असतं. रोजच्या दोन आणि आठवड्याच्या दोन प्रती ठेवायला सांगा. सिस्टिम बिघडली तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरूनही परत आणता येते. फक्त ध्यानात ठेवा, टाइमशिफ्ट मुळात होम फोल्डर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइली, वगळतं. तुमच्या फोटोंचा तो बॅकअप नाही. टंबलवीडमध्ये प्रत्येक अपडेटच्या आधी-नंतर स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या क्षणाची प्रत, निघतो आणि बूट मेनूतूनच जुना उघडतो. फेडोराही टंबलवीडसारखी बीटीआरएफएस ही फाइल व्यवस्थाच वापरते, पण स्नॅपशॉट आपोआप काढत नाही. तिथं ते स्वतः लावावं लागतं.

राहिला कंटाळा. त्याला औषध नाही, पण पथ्य आहे: नवी डिस्ट्रो बघा जरूर, मुख्य डिस्कवर नको. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय टाका. मग आयएसओ फाइली, म्हणजे डिस्ट्रोच्या डाउनलोड केलेल्या इन्स्टॉल फाइली, नुसत्या कॉपी करायच्या, चार-पाच डिस्ट्रो एकाच पेन ड्राइव्हवर, आणि बूट करताना यादीतून निवड. जास्त दिवस राहायचं असेल तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरचा दुसरा संगणक: ४ जीबी रॅम, दोन कोर, २५ जीबीची डिस्क. फार रखडत चाललं तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का बघा. आणि आर्चमधला एखादाच प्रोग्रॅम हवा असेल तर डिस्ट्रोबॉक्स. डेबियनच्या पोटात आर्चचा डबा. त्यात एक खाच आहे. तो डबा तुमचंच होम फोल्डर वापरतो, त्यामुळे आतल्या प्रोग्रॅमच्या सेटिंग बाहेरच्यांवर चढतात. डबा बनवतानाच ‘--होम’ देऊन वेगळं फोल्डर लावा.

‘माझं होम वेगळ्या पार्टिशनवर आहे, मला काय फरक पडतो?’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. पडतो. क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, होममध्ये नसतो, तो सिस्टिमच्या ‘व्हार’ फोल्डरमध्ये असतो. मारियाडीबी या डेटाबेसचा डेटा, डॉकरचे व्हॉल्यूम (त्याच्या डब्यांचा डेटा), ‘व्हर्ट-मॅनेजर’ने बनवलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्का, सगळं मुळात तिथंच. ‘ईटीसी’ या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमधले तुम्ही हाताने केलेले बदल वेगळेच. आणि जे होममध्ये आहे तेही नेहमी सुखाने नांदत नाही. आर्चमधल्या ताज्या फायरफॉक्सची प्रोफाइल घेऊन डेबियनच्या ईएसआर, म्हणजे दीर्घ आधाराच्या आणि म्हणून जुन्या, फायरफॉक्सकडे या. तो नव्या आवृत्तीची प्रोफाइल उघडायला नकार देतो आणि कोरी प्रोफाइल बनवायला सांगतो. बुकमार्क गेले म्हणून आरडाओरडा होतो. गेलेले नसतात, जुन्या फोल्डरमध्येच पडून असतात, पण उघडायचे तर तेवढाच नवा फायरफॉक्स हवा.

बदलायची खरी कारणंही असतात. २०२०च्या डिसेंबरमध्ये सेंटओएस ८ या सर्व्हरवर चालणाऱ्या डिस्ट्रोचा आधार २०२१ अखेर संपणार असं जाहीर झालं, तेव्हा सर्व्हर चालवणाऱ्यांना अल्मा किंवा रॉकीसारख्या दुसऱ्या डिस्ट्रोकडे जावंच लागलं. डेबियन १३मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नेल राहिले नाहीत, तेव्हा तसला जुना संगणक तिथं अडतो. आधार संपला, हार्डवेअरला आधार उरला नाही, नोकरीत दुसरंच लागतं: यासाठी जरूर बदला. पण तीन महिने आधी एका वहीत लिहीत चला, की आहे त्या डिस्ट्रोत नेमकं काय अडलं आणि ते सोडवायला काय केलं. पानभर नोंदी एकाच प्रोग्रॅमच्या निघाल्या तर प्रोग्रॅम बदला.

आणि बदलायचं ठरलंच, तर त्या दिवशीचा क्रम असा ठेवा. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ने, म्हणजे डेबियन घराण्यात, तुम्ही स्वतः टाकलेल्या पॅकेजची यादी फाइलमध्ये घ्या. क्रॉनटॅब, ‘ईटीसी’, एसएसएच आणि जीपीजीच्या किल्ल्या (दूरच्या मशीनवर लॉगिनच्या आणि सही करायच्या) उचला. डेटाबेस चालू असताना त्याचं फोल्डर कॉपी करू नका, डंप, म्हणजे डेटाबेसकडूनच बनवून घेतलेली प्रत, काढा. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून एखादी फाइल खरंच वाचता येते का बघा. आयएसओचा एसएचए२५६, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवा. विंडोजही त्याच मशीनवर असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी किल्ली आधी कागदावर लिहून घ्या आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतंच उघडतं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका, इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळायची इंटेलची खास पद्धत, चालू असतं. पण ते बदलण्याआधी विंडोजला सेफ मोडमध्ये बूट व्हायला लावायचं, नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवील. ‘एलएसबीएलके’ चालवून डिस्क तिच्या आकारावरून आणि मॉडेलवरून ओळखा, नुसत्या नावावर जाऊ नका. शक्य असेल तर सरळ दुसरी एसएसडी बसवून तिच्यावर इन्स्टॉल करा, आणि जुनी काढून, वर तारीख लिहून, दोन महिने कपाटात ठेवा.