थोरल्या टाटांनंतरचे दोराबजी

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या शिक्षणसंस्थेत किंवा साखर कारखान्यात गेलात, तर अध्यक्षांच्या खुर्चीमागे संस्थापकांची हार घातलेली तसबीर असते. खुर्चीत बसलेल्याला ती दिसत नाही. समोरच्यांना मात्र सतत दिसते, आणि कुठलाही निर्णय झाला की कुणीतरी म्हणतंच, "दादा असते तर असं झालं नसतं!" आज अशाच एका खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे. सर दोराबजी टाटा.

जमशेटजी टाटा १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. त्यांनी मनावर घेतलेल्या चार मोठ्या कामांपैकी मुंबईचं ताजमहाल हॉटेल तेवढं उभं राहिलं होतं. पोलादाचा कारखाना, पाण्यावरची वीज आणि विज्ञानसंस्था ही तिन्ही कामं अर्धवटच होती. थोरले चिरंजीव दोराबजी तेव्हा ४४ वर्षांचे होते. वडिलांची कल्पकता त्यांच्यात नव्हती, असं मला वाटतं. पण आलेलं काम ते पुरं करत.

पोलादाचीच गोष्ट बघा. १८८२ साली जमशेटजींच्या वाचनात एक अहवाल आला. आपल्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुराकडे, उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. तेव्हापासून चांदा त्यांच्या मनात बसला. वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासला तर तो भट्टीला चालेना. तरी ओढ सुटली नाही. थोरले टाटा गेले त्या सुमारास दोराबजी अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड यांच्याबरोबर चांद्याच्याच रानात खनिज शोधत होते. खनिज मिळालं, पण विखुरलेलं. मोठा कारखाना चालेल इतकं नव्हतं.

एखादा भाविक मुलगा इथेच अडला असता. वडिलांनी वीस वर्षं मनात धरलेली जागा सोडायची कशी? दोराबजींनी ती सोडली. शोध थांबवतोय, हे सरकारला कळवायला ते नागपूरला गेले आणि अधिकाऱ्यांची वाट बघता बघता तिथल्या संग्रहालयात शिरले. भिंतीवरच्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग गडद रंगवलेला त्यांना दिसला. शोध पुन्हा सुरू झाला. पुढे भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे तो ओडिशातल्या मयूरभंजच्या डोंगरांकडे वळला, आणि अखेर सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळचं साकची गाव ठरलं. चांद्याची संधी गेली याची हळहळ आम्हा मराठी माणसांना वाटणारच. पण वडिलांच्या शब्दाला चिकटून चांद्यात भट्टी घातली असती, तर ती विझली असती आणि शब्दही गेला असता.

पैशांचंही तसंच. लंडनच्या बाजारात भांडवल उभं राहीना. मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्याच लोकांपुढे हात पसरला. स्वदेशीचे दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी सोळा लाख तीस हजार पौंडांइतकं भांडवल दिलं. पुढे चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. १९१२ साली साकचीत पोलाद निघालं.

याचं थोडं श्रेय थोरल्या टाटांनाही द्यायला हवं. त्यांनी जिवंतपणीच मुलाला कामात घातलं होतं. बुर्जोरजी पादशांसारखी विश्वासातली, जुनी सहकारी माणसं हाताशी होती. आपल्याकडे पुष्कळ संस्थापक शेवटपर्यंत किल्ल्या कमरेलाच ठेवतात आणि मग वारसाला नावं ठेवायला लोक मोकळे!

बंगळूरची विज्ञानसंस्था १९११ साली विद्यार्थ्यांसाठी उघडली. लोणावळ्याचं पाणी खोपोलीला उतरवून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पण त्याच विजेसाठी पुढे मुळशीला धरण आलं आणि मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडणार, हे दिसू लागलं. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने 'जान किंवा जमीन' म्हणत लोक सत्याग्रहाला बसले. धरण झालंच. तिथे दोराबजींची बाजू मला घेता येत नाही. वडिलांचं स्वप्न पुरं करायचं म्हणून दुसऱ्याचं शेत पाण्याखाली घालता येतं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारल्याचं दिसत नाही.

महायुद्धानंतर परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागलं. १९२४ साली कारखाना बुडायच्या बेतात आला. तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता, पत्नी मेहेरबाईंच्या दागिन्यांसकट, इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून एक कोटीचं कर्ज काढलं. त्या दागिन्यांत कोहिनूरपेक्षाही मोठा ज्युबिली हिरा होता. त्याच वर्षी सरकारने परदेशी पोलादावर जकात बसवून इथल्या पोलादाला संरक्षण दिलं आणि कारखाना तगला.

१९१९ मध्ये साकचीचं नाव जमशेदपूर झालं, ते वडिलांचं. दोराबजी १९३२ साली वारले. त्याआधीच त्यांनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती विश्वस्तनिधीत घातली होती. त्या निधीतून १९३६ साली मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि तिला दोराबजींचं नाव दिलं गेलं. १९४४ मध्ये ते बदलून 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' करण्यात आलं.

नमस्कार.