रिपोर्टआधी श्वास मोजा

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मुलांबरोबर रिपोर्टही येतात. हल्ली तर मूल नंतर, पीडीएफ आधी! आई घाबरलेली असते, कारण एका आकड्यापुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ असं छापून आलेलं असतं. ‘डॉक्टर, लिम्फोसाइट ६० टक्के आहेत हो याचे!’

मूल असतं दीड वर्षाचं. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, आणि या वयात ते ६० टक्के म्हणजे अगदी नॉर्मल. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत मुलांच्या रक्तात त्याच पेशी जास्त असतात. एकूण पांढऱ्या पेशी १७,००० पर्यंत गेल्या तरी एवढ्या लहान मुलाला चालतं. पण काही रिपोर्टांवर उजवीकडे जी ‘नॉर्मल रेंज’ असते ती मोठ्या माणसांची, ४,००० ते ११,००० अशी. मशीन तिच्याशी ताडून पाहतं आणि ‘हाय’ छापून मोकळं होतं. तेव्हा घाबरण्याआधी ती रेंज कुठल्या वयाची आहे, एवढं बघा.

सीआरपीचंही तसंच. शरीरात संसर्ग किंवा दाह झाला की रक्तात वाढणारं हे एक प्रथिन. संध्याकाळी ताप आला आणि रात्रीच रक्त दिलं, तर तो कमीच दिसणार. वाढायला त्याला १२ ते २४ तास लागतात. आणि वाढला म्हणजे जिवाणूच, असंही नाही. अ‍ॅडिनोव्हायरससारख्या विषाणूनेही तो चांगलाच चढतो. केवळ त्या एका आकड्यावर अँटिबायोटिक सुरू करणं मला पटत नाही.

आता नाकातल्या स्वॅबविषयी. २०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्हीच्या बातम्या आल्या आणि ‘याची तेवढी टेस्ट करून टाका’ अशी मागणी सुरू झाली. हा विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये सापडलेला आहे, आणि पाच वर्षांच्या आत बहुतेक सगळ्या मुलांना तो गाठतोच. त्यावर खास औषध नाही. मग साध्या सर्दीत रिपोर्ट पॉझिटिव्ह आला काय, निगेटिव्ह आला काय, उपचार तेच! शिवाय स्वॅबमध्ये विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर तपासणी इतकी संवेदनशील असते की बऱ्या झालेल्या मुलाच्या नाकातही तिला विषाणूचे अंश काही आठवडे सापडू शकतात.

फ्लूची गोष्ट वेगळी. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्याने ते अनुभवलं. त्यावर ओसेल्टामिविर हे औषध आहे आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर उत्तम. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या, दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या मुलांमध्ये ही तपासणी उपयोगी ठरते. मूल अत्यवस्थ असेल तर मात्र आम्ही रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतो.

डॉक्टरांना बिनधास्त विचारा: ‘हा रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर मुलाला सुई कशाला टोचायची?

न्यूमोनियाची शंका घ्यायला तर सुरुवातीला लॅब लागतच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या सुईणींना आणि आरोग्यसेवकांना मुलांचे श्वास मोजायला शिकवलं. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. अशा निदानावर गावातच औषध मिळू लागलं आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले.

हे घरी करता येतं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगातलं झबलं वर करा आणि पोटाकडे बघत पूर्ण मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्यांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६०, एक वर्षाच्या आत ५०, आणि पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर डॉक्टरांकडे निघा. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजतही बसू नका, थेट रुग्णालय गाठा. तिथे ऑक्सिजन, एक्स-रे, गरज पडली तर ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जिवाणू वाढतात का ते पाहणं, हे सगळं करावंच लागतं.

आणि एका खोकल्यात तपासणी मुळीच टाळू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन वाढत नाही, घरात कुणाला टीबी आहे, असं असेल तर. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातला द्राव काढतात आणि तो सीबीनॅटवर, म्हणजे टीबीचे जंतू त्यांच्या जनुकांवरून ओळखणाऱ्या मशीनवर लावतात. बघताना आईबापांचा जीव कासावीस होतो, पण काही मिनिटांचंच काम असतं. टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी कुणी सुचवली तर नको म्हणा. आपल्या देशात २०१२ पासून तिच्यावर बंदी आहे. सीबीनॅट सरकारी केंद्रात मोफत होते.