सुट्टीत सोबत एकच प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

परीक्षा संपल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून झाले, गुण भरून झाले, आणि आता समोर उन्हाळ्याची मोठी सुट्टी आहे. शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या मंडळींच्या मनात या दिवसांत एक यादी तयार होते. वर्षभर रखडलेला शोधनिबंध, पुस्तकाचं अर्धवट राहिलेलं प्रकरण, नव्या अभ्यासक्रमाची टिपणं, वाचायचे म्हणून साठवलेले लेख. हे सगळं या सुट्टीत करायचं. सुट्टी संपते तेव्हा यादी जागच्या जागी असते, आणि विश्रांतीही धड झालेली नसते. मला आज तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. सुट्टीत सोबत एकच प्रश्न न्या. पुन्हा सांगतो, एकच.

आधी दिवस मोजू या. कागद हाताशी असेल तर घ्या. सुट्टी दोन महिन्यांची धरली तर साठ दिवस. पहिला आठवडा थकव्यात जातो आणि तो जाऊ द्यावा, वर्षभराचा शीण काही एका रात्रीत उतरत नाही. मग प्रवास, लग्नकार्यं, आजारपणं, घरातली वर्षभर तुंबलेली कामं, अधूनमधून येणारं कार्यालयाचं बोलावणं. शेवटचा आठवडा पुढच्या सत्राच्या तयारीत जातो. प्रामाणिकपणे मोजलंत तर हाती पंचवीसेक सकाळी उरतात. प्रत्येक सकाळी दोन तास खरं काम झालं, तर सगळे मिळून पन्नास तास. पन्नास तासांत एक लेख नीट उभा राहतो. तीन राहत नाहीत. मी एका सुट्टीत तीन हाती घेतले होते आणि सुट्टी संपताना तिन्हींची नुसती टाचणं माझ्या हातात होती, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगतोय.

आपला अंदाज चुकतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला चुकतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी 55. आणखी एक प्रश्न होता, की सगळं जितकं बिघडू शकेल तितकं बिघडलं तर किती लागतील? त्याचं उत्तर होतं सुमारे 49. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमीच पडला! म्हणून म्हणतो, एकच प्रश्न.

आता एक गोष्ट. मी ती जिथे संधी मिळेल तिथे सांगतो, आणि आज तर ती सांगायलाच हवी.

1925 सालचा मे महिना सरत आला होता. जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठात वेर्नर हायझेनबर्ग नावाचा तेवीस वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांच्या हाताखाली काम करत होता. अणूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठरावीक रेषा असतात. त्यांतली एखादी ठळक, एखादी फिकट, असं का? हायड्रोजनच्या रेषांची तीव्रता गणितानं काढायचा त्यानं प्रयत्न केला, आणि सूत्रांचा असा गुंता झाला की त्यातून वाट निघेना. त्यात वसंत ऋतू. हवेत परागकण. त्याला परागज्वराचा जबरदस्त त्रास होता. नाक वाहतंय, डोळे सुजलेत, चेहरा ओळखू येत नाही. त्यानं बॉर्नकडे चौदा दिवसांची रजा मागितली, आणि उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड नावाच्या बेटावर गेला. लाल खडकाचं छोटंसं बेट. झाडं-कुरणं फारशी नाहीत, त्यामुळे परागकणही फारसे नाहीत.

घरमालकिणीनं दार उघडलं आणि त्याचा सुजलेला चेहरा पाहून तिला वाटलं, पोरगा कुठेतरी मारामारी करून आलाय. तरी तिनं त्याला आत घेतलं, काळजी घेईन म्हणाली. खोली वरच्या मजल्यावर होती, घर बेटाच्या उंच कड्यावर, खिडकीतून खाली गाव आणि पलीकडे समुद्र. इथे जरा थांबतो. शोधाच्या इतिहासात अशा घरमालकिणींना जागा मिळत नाही. ज्यांच्यामुळे कुणाला तरी बंद दाराची खोली आणि वेळेवर जेवण मिळालं, त्यांची नावं प्रबंधाच्या ऋणनिर्देशात शेवटच्या ओळीत येतात, तीही आली तर. माझं मत आहे की ती पहिल्या ओळीत यायला हवीत. आणि ज्या घरात दोघंही शिकवतात, तिथे सुट्टीतली ती खोली कुणाच्या वाट्याला येते, हे सुट्टी लागण्याआधी मोकळेपणानं बोलून ठरवावं. बहुतेक घरांत ते न बोलताच ठरतं, आणि बाईच्या विरुद्ध ठरतं. मला याची मनापासून खंत वाटते.

असो. बेटावर हायझेनबर्गनं काय केलं? तो रोज लांब फिरायला जायचा. समुद्रात पोहायचा. जर्मन कवी गटेच्या कविता पाठ करायचा. पाठांतराला आपण उगाच बदनाम केलंय बरं का, चार कविता मुखोद्गत असलेल्या माणसाला रांगेत उभं राहायचाही कंटाळा येत नाही. आणि उरलेला वेळ एकाच प्रश्नाला. एकाच. तोही त्यानं आणखी लहान केला. हायड्रोजनचा गुंता बाजूला ठेवला आणि लंबकासारखी आंदोलनं करणारी एक साधी रचना घेतली. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या कक्षा कुणी पाहिलेल्या नाहीत, मग त्यांचा हिशेब कशाला मांडायचा? जे मोजता येतं तेवढंच घ्यायचं, म्हणजे प्रकाशाची वारंवारता आणि तीव्रता. गणिताचं नको ते ओझं फेकून द्यायला त्याला थोडेच दिवस पुरले, असं त्यानं स्वतः पुढे लिहून ठेवलंय. विद्यापीठात राहून त्याला हे जमलं नव्हतं.

आता एकच शंका उरली. या नव्या मांडणीत ऊर्जा अक्षय्य राहते का? ती राहत नसेल तर सगळं फुकट. एका रात्री तो हिशेब करायला बसला. पहिली पदं जुळली, आणि तो इतका उत्तेजित झाला की साध्या आकडेमोडीत चुका व्हायला लागल्या. चूक सापडायची, खोडायचं, पुन्हा मांडायचं. पहाटेचे जवळजवळ तीन वाजले तेव्हा शेवटचं उत्तर समोर आलं. ऊर्जा अक्षय्य राहत होती. सगळं जुळत होतं. आधी तो घाबरला. आपण घटनांच्या वरवरच्या सालीतून आत, फार खोल डोकावतोय असं त्याला वाटलं. झोप लागणं शक्यच नव्हतं. उजाडू लागलं तसा तो बाहेर पडला आणि बेटाच्या दक्षिण टोकाकडे गेला. समुद्रात घुसलेला एक खडक तिथे होता, त्याच्यावर चढायचं त्याच्या कधीचं मनात होतं. तो चढला, आणि सूर्य उगवायची वाट पाहत बसला.

श्रोतेहो, तो तेवीस वर्षांचा मुलगा त्या खडकावर बसलाय, आणि त्या क्षणी साऱ्या जगात फक्त त्यालाच ही गोष्ट माहीत आहे. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण या जागी आलो की दर वेळी माझा आवाज जड होतो.

पुढचा भाग लोक वगळतात. तो वगळू नका. परतताना तो हँबुर्गला थांबला आणि वोल्फगांग पाउलीला भेटला. पाउली त्याचा मित्र, आणि सगळ्यांत कडक टीकाकार. त्यानं धीर दिला. मग हायझेनबर्गनं गटिंगनला निबंध लिहून काढला, जुलैमध्ये बॉर्नच्या हाती दिला, छापायच्या लायकीचा आहे का तुम्हीच ठरवा म्हणाला, आणि परदेशी व्याख्यानांना निघून गेला. बॉर्ननं तो नियतकालिकाकडे पाठवला. 29 जुलैला तो तिथे पोहोचला. त्यातला गुणाकार बॉर्नला बेचैन करत होता, कारण दोन राशींचा क्रम उलटला की उत्तर बदलत होतं. विचार करता करता त्याला विद्यार्थिदशेत शिकलेलं गणित आठवलं. हे तर मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले आकड्यांचे तक्ते! हायझेनबर्गला तोवर मॅट्रिक्स ठाऊक नव्हत्या. पुढच्या काही महिन्यांत बॉर्न, पास्कुआल योर्डान आणि हायझेनबर्ग यांनी मिळून ते सगळं गणित नीट उभं केलं, आणि त्यातूनच अणूंच्या जगाचे नियम सांगणारं पुंज विज्ञान, म्हणजे क्वांटम शास्त्र, आकाराला आलं. हायझेनबर्गला 1932 सालचं नोबेल पारितोषिक मिळालं, बॉर्नला मात्र 1954 पर्यंत थांबावं लागलं. संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे वर्ष पुंज विज्ञानाचं वर्ष म्हणून साजरं केलं, ते या शंभर वर्षांसाठीच.

गोष्टीत वेळ गेला, आता उरलेलं भराभर सांगतो.

सकाळचे पहिले दोन तास लिहिण्याचे. वाचायचं नंतर. आधी वाचायला बसलात की लिहिण्याची पाळी येत नाही, कारण वाचण्यासारखं नेहमीच आणखी काहीतरी असतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. टपाल आणि ईमेल दुपारनंतर. काम थांबवून उठताना उद्याचं पहिलं वाक्य काय असेल ते कागदावर लिहून ठेवा, अर्धं राहिलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालू लागतो. उरलेला दिवस तुमचा. हिंडा, झोपा, पोहा, कविता पाठ करा. ते दोन तास झाले असतील तर बाकीच्या दिवसाबद्दल मनाला लावून घेऊ नका.

तासांच्या हिशेबावर शिकवणाऱ्या तरुण मित्रांना मी काय सांगू? त्यांतल्या अनेकांना सुट्टीचं वेतनच मिळत नाही, पोटासाठी दुसरं काम शोधावं लागतं. त्यांच्याकडून शोधनिबंध मागणाऱ्या संस्थांनी आधी सुट्टीचा पगार द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या हाती पंचवीस सकाळींऐवजी दहाच असतील. मग प्रश्न तितका लहान करायचा. एका लेखातली एकच आकृती, एकच तक्ता, एकच युक्तिवाद. हायझेनबर्गनं हायड्रोजन सोडून लंबक घेतला, तसं.

आणि ज्याला दाखवायचं तो माणूस आत्ताच ठरवा. कौतुक करणारा नको, चुका काढणारा हवा. त्याला आज दोन ओळी लिहा: अमुक तारखेला माझी आठ पानं तुमच्याकडे येतील, वाचाल का? तारीख सुट्टीच्या शेवटची घेऊ नका. दहा दिवस आधीची घ्या, म्हणजे त्याचं म्हणणं ऐकून दुरुस्त करायला काही सकाळी हाती उरतील. त्याचा होकार आला की ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि तिच्याखाली तुमचा प्रश्न, एका वाक्यात.

नमस्कार.