करारातला एक आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

पाणीपुरवठा, कचरा, पार्किंग, पथदिवे... अशी कामं पालिका आता खासगी कंपन्यांच्या भागीदारीत करतात. वाद पेटला की चर्चा होते नफेखोरीची. पण पुष्कळदा खरी गोम करारातल्या एखाद्या आकड्यात असते.

कचरा प्रक्रिया प्रकल्पच घ्या. कंपनी रोजच्या किमान कचऱ्याची हमी मागते. समजा, पालिकेनं 300 टनांची हमी दिली आणि आला 220 टन. मग न आलेल्या 80 टनांचेही पैसे मोजावे लागतात. म्हणजे लोकांनी घरीच ओल्या कचऱ्याचं खत केलं, तर पालिकेला भुर्दंड! म्हणून हमी देण्याआधी निरनिराळ्या ऋतूंत वजनकाट्यावर कचरा मोजायला हवा. लोकसंख्येला दरडोई आकड्यानं गुणून काढलेला अंदाज इथे घात करतो. आणि वाहतुकीचं बिल निव्वळ टनांवर ठेवलं, की गाडीत माती नि राडारोडा चढू लागतो, हेही ओघानं आलंच.

पाण्यात घोळ वेगळा. गळती निम्म्यावर आणू, असं करारात लिहितात. पण मुळात गळती किती? जिथे मीटरच नाहीत, तिथे हा आकडा कुणालाच ठाऊक नसतो. पुढे दंड लावायची वेळ आली की कंपनी म्हणते, सुरुवातीचाच आकडा चुकीचा होता. त्यापेक्षा पहिलं वर्ष मोठे मीटर बसवून संयुक्त मोजणी करावी आणि उद्दिष्ट त्यानंतर ठरवावं.

घाईची किंमत शिकागोनं मोजली. 2008 साली अमेरिकेतल्या त्या शहरानं रस्त्यावरचे सुमारे 36 हजार पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी एका खासगी कंपनीला चालवायला दिले. एकरकमी सुमारे 115 कोटी डॉलर घेतले. नगरसभेची मंजुरी काही दिवसांत उरकली. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकानं हिशेब मांडला: या व्यवहाराची किंमत सुमारे 97 कोटी डॉलरनं कमी लावली गेली होती. शिवाय शहरानं ठरलेल्या मर्यादेपलीकडे रस्ता बंद ठेवला, तर कंपनीला भरपाई!

आणि करार संपताना? शेवटच्या दोन-तीन वर्षांत कंपनी दुरुस्तीवरचा खर्च आखडता घेते. पंप, झडपा झिजत जातात. त्यासाठी मुदत संपण्याच्या तीन वर्षं आधी संयुक्त तपासणी आणि बिलातून काही रक्कम राखून ठेवण्याची अट निविदेच्या मसुद्यातच हवी. ग्राहकांच्या नोंदी, जलवाहिन्यांचे नकाशे आणि संगणक प्रणालीचे पासवर्डही हस्तांतराच्या यादीत लिहावेत. ते बहुधा राहून जातात.