पेठच्या पाड्यांवरचा मोबाइल

(दृश्य: पावसातला सावळ घाट, भाताची खाचरं)

नाशिकहून पेठला निघालं की सावळ घाट लागतो. तो ओलांडला की भात, नागली, वरईची शेतं. पाऊस सरला की पाड्यांवरची बरीच माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे जातात. घरी म्हातारी माणसं उरतात, आणि त्यांच्या काळज्या.

(दृश्य: ओटीवर दोन बाया, एकीच्या हातात मोबाइल)

याच पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम चालला. पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीने तो उभा केला. मानसोपचारतज्ज्ञ गावोगाव मिळणार नव्हते, म्हणून गावातलीच माणसं निवडली. बचत गटातल्या बाया, शेतकरी. ज्यांच्याकडे लोक आपणहून मन मोकळं करतात अशी. काही जण ‘मित्र’ झाले. कुणाचं जेवण तुटलंय, कोण चारचौघांत येईनासं झालंय, यावर त्यांची नजर. काहींनी पुढचं प्रशिक्षण घेतलं, ते ‘चॅम्पियन’. मध्येच उपदेश न करता ऐकायचं कसं, एवढा मोठा वाटणारा प्रश्न थोडा थोडा कसा सोडवायचा, अंथरूण धरलेल्या माणसाला रोजच्या कामाकडे पुन्हा कसं वळवायचं, हे ते शिकले.

त्यांच्या हाती स्मार्टफोन दिले. फोनमध्ये छोट्या फिल्म होत्या, गोष्टीच्या रूपातल्या. घरातली भांडणं, दारू, मारहाण, बेकारी. “तुम्हाला काय त्रास आहे?” असं थेट विचारलं तर बाई गप्प बसते. फिल्ममधल्या बाईबद्दल मात्र बोलते, आणि बोलता बोलता स्वतःवर येते. तंत्रज्ञानाचा याहून चांगला वापर मी क्वचितच पाहिलाय.

(दृश्य: फिल्म पाहणारे चेहरे. निवेदन नाही.)

सोबत सरकारी योजना मिळवून द्यायला मदत. आजार गंभीर वाटला तर जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य सेवेकडे पाठवणं. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात, ६४५ गावांत याची शास्त्रीय चाचणी झाली. तिथे लोकांचा त्रास कमी झालेला दिसला.

(दृश्य: हेडफोन लावलेले समुपदेशक)

१० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा सुरू झाली. १४४१६ हा मोफत क्रमांक, चोवीस तास. मराठीतही बोलता येतं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे चॅटबॉटही आलेत. मध्यरात्री कुणीच जागं नसताना त्यांच्याशी बोलून कुणाला हलकं वाटत असेल, तर वाटू द्या. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसं उपचारांविना राहतात. त्यातले कितीतरी जण अ‍ॅप शोधायला जाणारच नाहीत. त्यांच्या दाराशी जावं लागतं. जाणाऱ्याला मानधन हवं, वरचेवर प्रशिक्षण हवं, पाड्यावरच्या बोलीतल्या फिल्म हव्यात. चॅटबॉटवर पैसा लावण्याआधी सरकारने या खर्चाची तरतूद करावी.