पलटण आणि जुडी

(भीमा नदीचा काठ. धुक्यातून दिसणारा कोरेगावचा स्तंभ.)

१ जानेवारी १८१८. त्या दिवशी इथे पेशव्यांच्या फौजेशी लढताना इंग्रजांच्या बाजूनं पडलेल्या शिपायांची नावं या दगडावर कोरलेली आहेत. त्यातली २२ महारांची. नावाच्या शेवटी 'नाक' दिसलं, की ओळखावं.

या शिपायांच्या नातवंडांना १८९२च्या सुमारास सरकारनं सांगितलं, तुमची भरती बंद. अमुक जाती लढवय्या, तमुक नव्हेत, असं एक शास्त्र तेव्हा लष्करात रुजलं होतं. दगडावरची नावं त्या शास्त्रानं वाचलीच नाहीत.

(महूची छावणी.)

भरती बंद झाली, म्हणजे नुसता पगार गेला नाही. पलटणीत शाळा होती आणि शिपायाच्या मुलाबाळांना तिथं शिकावंच लागे. १८९१मध्ये याच महूत जन्मलेल्या भीमरावांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, अशाच लष्करी शाळेत हेडमास्तर होते. गावच्या शाळेनं ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांच्या हाती पाटी दिली ती छावणीनं. ते दारही आता लागलं.

दापोलीहून माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी, भरती पुन्हा सुरू करा, असा अर्ज लिहिला. पुढं पुण्याचे कार्यकर्ते शिवराम जानबा कांबळे यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१मध्ये ती मोडली.

(क्षणभर शांतता.)

आता १९४१. पुन्हा महायुद्ध. जुलैत व्हाइसरॉयनं राष्ट्रीय संरक्षण मंडळ नेमलं, त्यात डॉ. आंबेडकर होते. महारांची स्वतंत्र पलटण हवी, ही मागणी त्यांनी लावून धरली आणि तरुणांना सांगितलं, भरती व्हा. हिटलर जिंकला तर माणसाच्या बरोबरीची भाषाच उरणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

आणि त्याच सुमारास मुंबई सरकारनं महार वतनाच्या जमिनीवरची जुडी, म्हणजे सारा, वाढवला.

हाडकी हाडवळा म्हणतात ती ही जमीन. तिच्या बदल्यात येसकरपाळी, म्हणजे गावाच्या राखणीची पाळी, करायची, सांगावे पोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं. रात्री-अपरात्री हाक आली, की उठायचं. एक भाऊ सरकारसाठी बंदूक उचलणार आणि घरी राहिलेल्या भावाकडून तेच सरकार जादा जुडी मागणार!

ऑगस्टमध्ये सिन्नरला परिषद भरली. संरक्षण मंडळाचे सभासद असलेल्या बाबासाहेबांनी तिथं सरकारच्याच करवाढीविरुद्ध लढा पुकारला.

मला ही जागा फार मोलाची वाटते. युद्ध चालू आहे, हक्कांचं मागाहून बघू, असं ते म्हणाले नाहीत. भरतीची हाक आणि जुडीला विरोध, दोन्ही एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात, एकाच तोंडून. 'मागाहून' म्हणजे काय, ते या समाजानं १९२१ला पाहिलं होतं.

(बेळगाव. कवायतीचं मैदान, बुटांचा आवाज.)

१ ऑक्टोबर १९४१. बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. कुणी वायव्य सरहद्दीवर गेलं, कुणी ब्रह्मदेशात. टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. खाकी घालून रजेवर आलेला पोरगा वेशीतून आत येई, तेव्हा त्याचा बाप कदाचित येसकरपाळीवरच असे. त्या बापाला काय वाटलं असेल, ते कुठल्या सरकारी कागदात सापडायचं नाही.

युद्ध संपलं. या खेपेला पलटण मोडली नाही. आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे आणि तिच्यात अनेक समाजांचे जवान आहेत. १९८७मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले, परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे.

(ओसाड शेताचा तुकडा. संध्याकाळ.)

वतन मात्र टिकून राहिलं. त्याविरुद्धचं विधेयक बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडलं होतं, ते १९२८ला. वतन मोडणारा कायदा आला १९५८मध्ये. सुभेदारांचा भीमराव तेव्हा हयात नव्हता.