येणारं ग्राफिक्स कार्ड : वेग मोजता येतो, किंमत ताडावी लागते

नमस्कार श्रोतेहो.

नवं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकात गेमची चित्रं काढणारा भाग, बाजारात यायच्या आधी काही महिने अफवांचा हंगाम असतो. कुठून तरी एक आकडा फुटतो, दुसऱ्या दिवशी त्याला शेपूट फुटतं, आणि आठवड्याभरात ‘दुप्पट वेग, निम्मी किंमत’ अशी आवई उठते. पैसे बाजूला काढून बसलेल्या माणसाची या दिवसांत फार ओढाताण होते. आत्ता घ्यावं, की थांबावं? आज मला त्याच्याशीच बोलायचंय, आणि निमित्त आहे आरटीएक्स ५०८० सुपरच्या अफवांचं, म्हणजे आजच्या ५०८० च्या सुधारित आवृत्तीच्या. वेगाचा अंदाज कागद-पेन्सिल घेऊन घरबसल्या बऱ्यापैकी बांधता येतो. किंमतीचं मात्र तसं गणित नाही. शेजारी कोणतं कार्ड कितीला उभं आहे, यावर ती ठरते.

आधी वेगाचं बोलू. अफवेत सगळ्यात पहिला येतो तो कोअरचा, म्हणजे चिपमधल्या गणितं करणाऱ्या बारीक घटकांचा आकडा, आणि सगळ्यात जास्त फसवतो तोही तोच. सप्टेंबर २०२० आठवा. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने आरटीएक्स ३०८० जाहीर केलं, कोअर ८७०४. त्याआधीच्या २०८० मध्ये होते २९४४. म्हणजे जवळजवळ तिप्पट! मी त्याच रात्री एका मित्राला फोन करून सांगितलं, जुनं कार्ड मिळेल त्या भावाला काढून टाक. मग चाचण्या आल्या. ४के रिझोल्यूशनला, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या चित्राला, सेकंदाला निघणाऱ्या फ्रेमची (चित्रांची) वाढ निघाली साधारण ६० ते ७० टक्के. वाढ उत्तमच होती, पण तिप्पट कुठे आणि ही कुठे.

झालं होतं असं, की कोअर मोजण्याची रीतच बदलली होती. आधीच्या पिढीत दशांशाची गणितं करणारी एक रांग आणि पूर्णांकांची गणितं करणारी वेगळी रांग असायची, आणि कोअर म्हणून मोजली जायची ती फक्त पहिली. ३०८० च्या पिढीत दुसऱ्या रांगेलाही दशांशाचं काम जमायला लागलं, म्हणून तीही मोजणीत आली. पण गेममध्ये पूर्णांकांचं काम निघालं की ती रांग तिकडे वळणारच. कागदावरचे सगळे कोअर एका वेळी एकाच कामाला जुंपता येत नाहीत.

आता त्याच दोन कार्डांचा दुसरा आकडा बघा, मेमरी बँडविड्थचा, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती माहिती ये-जा करू शकते त्याचा. २०८० ची सेकंदाला ४४८ गिगाबाइट, ३०८० ची ७६०. वाढ ७० टक्के. खरा वेग याच्याच आसपास वाढला होता. ही माहिती घोषणेच्या दिवशीच समोर होती, आम्ही तिच्याकडे पाहिलं नाही.

मग काय, फक्त बँडविड्थ बघायची? तसंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेलं ५०९० घ्या. ४०९० च्या १००८ गिगाबाइटवरून त्याची बँडविड्थ गेली १७९२ वर, म्हणजे ७८ टक्के वाढ. कोअर मात्र १६३८४ वरून २१७६०, म्हणजे ३३ टक्के. वीज ४५० वॉटवरून ५७५ वर. आणि ४के गेममधली वाढ निघाली ३० टक्क्यांच्या आगेमागे. इथे कोअरने लगाम धरला होता. म्हणून मी स्वतःपुरता एक ठोकताळा ठेवलाय : कोअरची वाढ आणि बँडविड्थची वाढ शेजारी शेजारी लिहायची, आणि दोन्हींत जी लहान असेल तिच्यावर बोट ठेवायचं.

हा ठोकताळा एकदा सपशेल चुकला, तेही सांगायला हवं. ३०९० वरून ४०९० ला जाताना बँडविड्थ जेमतेम ८ टक्के वाढली होती, तरी कार्ड ६० टक्क्यांहून जास्त वेगवान निघालं. कोअर दीडपटीहून जास्त झाले होते, क्लॉक, म्हणजे चिपच्या कामाचा ठेका, चढलं होतं, आणि मुख्य म्हणजे चिपच्या आतला एल२ कॅश (हाताशी ठेवलेला छोटा साठा) ६ मेगाबाइटवरून थेट ७२ वर नेला होता. लागणारी माहिती चिपच्या पोटातच सापडली, की मेमरीपर्यंतच्या खेपा कमी होतात. त्यामुळे नवी पिढी असेल तर कॅशची चौकशी केल्याशिवाय आकडा लिहू नका.

आता येऊ ज्याची चर्चा आहे त्या कार्डाकडे, २४ गिगाबाइट मेमरीच्या आरटीएक्स ५०८० सुपरकडे. आजच्या ५०८० मध्ये १६ गिगाबाइट आहे. ही मेमरी दिसते कशी, हे मी थर्मल पेस्ट बदलायला माझं जुनं जीटीएक्स १०७० उघडलं तेव्हा नीट पाहिलं होतं. स्क्रू काढून हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, हलकेच फिरवून सोडवला. मधोमध वाळलेल्या पेस्टखाली मुख्य चिप, आणि तिच्याभोवती नखाएवढे काळे चौकोन. मी बोटाने मोजले, आठ. प्रत्येकात एक गिगाबाइट. ५०८० मध्येही तसेच आठ असतात, प्रत्येकी दोन गिगाबाइटचे. या कार्डांतल्या जीडीडीआर७ प्रकारच्या मेमरीत आता तीन गिगाबाइटची चिपही निघाली आहे. आठ त्रिक चोवीस. चिप आणि मेमरी जोडणारा तारांचा मार्ग, ज्याला बस म्हणतात, तोही तोच, २५६ बिटचा. तेव्हा २४ गिगाबाइटची अफवा मला पटते, ती मांडणीत सहज बसते.

वेगाच्या अफवा मात्र पटत नाहीत. ५०८० मधली चिप आधीच पूर्ण वापरलेली आहे. तिच्यातले १०७५२ च्या १०७५२ कोअर चालू आहेत, राखून ठेवलेलं काही नाही. त्याच चिपवर सुपर काढायचं तर कोअर आणायचे कुठून? उरतं क्लॉक आणि मेमरीचा वेग. आज मेमरी दर तारेवर सेकंदाला ३० गिगाबिटने चालते, त्यातून ९६० गिगाबाइट बँडविड्थ मिळते. ३२ ने चालवली तर १०२४ होईल, म्हणजे सात टक्क्यांच्या आत. वीज थोडी वाढवून दिली तरी माझा अंदाज पाच ते दहा टक्क्यांपलीकडे जात नाही. कुणी २५ टक्के म्हणत असेल तर त्याला विचारा, कोणत्या चिपवर?

ज्याचं काम १६ गिगाबाइटमध्ये मावत नाही, त्याच्यासाठी हे कार्ड वेगळंच आहे. मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या मुख्य मेमरीत जातो आणि कार्ड बसवलेल्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून ये-जा करतो. पीसीआय एक्सप्रेस ५ या प्रकारचा, सोळा लेनचा (वाटांचा) स्लॉट एका दिशेला सेकंदाला साधारण ६४ गिगाबाइट नेतो, म्हणजे कार्डावरच्या मेमरीच्या वेगाचा पंधरावा हिस्सा. सरासरी फ्रेमचा आकडा अशा वेळी बरा दिसतो, पण गेममध्ये वळणावर गाडी वळवली की चित्र क्षणभर अडखळतं. घरच्या संगणकावर एआयचं भाषेचं मॉडेल चालवणाऱ्यांना तर ही धाप फार लवकर जाणवते. त्यांनी थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

किंमतीचं सांगतो. २००८ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स २८० आलं ६४९ डॉलरला. काही दिवसांतच प्रतिस्पर्धी एएमडीचं रेडिऑन एचडी ४८७० आलं २९९ ला, आणि काही आठवड्यांत २८० ची किंमत ४९९ वर उतरली. कार्ड तेच होतं. २०१९ मध्ये एएमडीने आरएक्स ५७०० एक्सटी जाहीर केलं ४४९ ला, समोरून एनव्हिडियाचे सुपर मॉडेल आले, आणि विक्रीला दोन दिवस उरले असताना किंमत ३९९ झाली. जी किंमत विक्रीच्या आठवडाभर आधीही जाहीर नव्हती, ती सहा महिने आधी कुणाला कशी कळणार?

आपल्या कार्डाला सगळ्यात जवळचं उदाहरण ४०८० सुपरचं. ४०८० चे ११९९ डॉलर लोकांना पटले नव्हते, आणि समोर रेडिऑन ७९०० एक्सटीएक्स ९९९ ला उभं होतं. जानेवारी २०२४ मध्ये सुपर आलं, वेगात जेमतेम फरक, पण किंमत ९९९. यंदाही तसंच होईल, ही आशा मी बऱ्याच जणांकडून ऐकतोय. मला ती धोक्याची वाटते. एएमडीचं ९०७० एक्सटी जाहीर झालं ५९९ ला, १६ गिगाबाइटचं, पण ते खालच्या पायरीवर आहे. ५०८० च्या पायरीवर ढकलाढकली करणारं कुणी नाही. त्यात मेमरीला एआयच्या सर्व्हरकडून एवढी मागणी आहे, की दीडपट मेमरी लावून किंमत उतरवण्याचं कारण कंपनीकडे उरत नाही. माझा अंदाज ९९९ च्या खाली नाही, ११९९ पर्यंत जाऊ शकेल, आणि दुकानातला भाव त्याहून वर.

घोषणेच्या दिवशी मंचावरून मोठमोठे आलेख दाखवले जातील. ५०७० च्या वेळी ‘५४९ डॉलरमध्ये ४०९० ची कामगिरी’ असं सांगितलं गेलं होतं, आणि त्यात मधल्या फ्रेम एआयने भरलेल्या होत्या. म्हणून आलेखाखालची बारीक अक्षरं वाचा, फ्रेम जनरेशन, म्हणजे हीच एआयची भर, बंद ठेवून केलेल्या चाचण्या येईपर्यंत पैसे खिशात राहू द्या, आणि त्या चाचण्यांत सरासरीच्या शेजारचा सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही बघा. मी स्वतः त्या रात्री सगळ्यात आधी मेमरीचा वेग शोधणार आहे. तो ३२ असेल तर माझ्या कागदावरचे सात टक्के जागेवर आहेत. तो ३० वरच राहिला, तर जास्तीचे पैसे आठ गिगाबाइटचे आहेत, आणि तेवढ्याची गरज आपल्याला आहे का, हे प्रत्येकाला त्या रात्रीच ठरवता येईल.

नमस्कार.